बोईसरचा मारिओ घाईत नव्हता

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. रेकॉर्डिंगमधलं माझं 'अं... म्हणजे' आणि मागून धडधडत गेलेली मालगाडी काढून टाकलीय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय वरवर बघता अगदी छोटा आहे. जुना व्हिडिओ गेम नव्या हातातल्या यंत्रावर खेळताना वेगळा का वाटतो? मला या प्रश्नाचं उत्तर शोधायला चार रविवार लागले. वाटेत जपान, तैवान, रशिया, लॅमिंग्टन रोड आणि आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र, एवढं सगळं लागलं. पण सुरुवात मामांपासून.

चौथ्या पाइपनंतरचा खड्डा

मागच्या दिवाळीत बोईसरला मामांकडे गेलो होतो. मामा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर होते. फर्स्ट, सेकंड, नाइट, तिन्ही शिफ्ट केल्या आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. तेव्हापासून त्यांना एक सवय लागलीय. कुठलीही गोष्ट हातात घ्यायच्या आधीच म्हणायचं, "आता नाही जमत रे." स्कूटर विकली. कॅरमला बसत नाहीत. मामी म्हणते, "यांना कंपनीने रिटायर केलं, आता हे स्वतःला एकेका गोष्टीतून रिटायर करतायत."

माझ्याकडे तेव्हा एक सेकंडहँड पीएसपी होतं. सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, ३००० मॉडेल. त्यावर मी बाहेरचं फर्मवेअर टाकलं होतं, म्हणजे कंपनीने परवानगी दिलेले गेम सोडून इतरही प्रोग्राम त्यावर चालतात. त्यात एक एमुलेटर आणि एमुलेटरमध्ये सुपर मारिओ. माझ्या लहानपणी मला मारिओ शिकवला तो मामांनीच. चाळीतल्या पोरांमध्ये त्यांचं नाव होतं. सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा घरी यायचे आणि टीव्हीचा आवाज बंद करून खेळायचे, मामीची झोप मोडू नये म्हणून.

मी पीएसपी त्यांच्या हातात दिलं. "बटणं केवढीशी आहेत," म्हणाले, पण अंगठे आपोआप जागेवर गेले. पहिलं मशरूम घेतलं, तीन पाइप ओलांडले, चौथा ओलांडला आणि त्याच्या पुढच्या खड्ड्यात पडले. पुन्हा खेळले, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. तीन लाइफ संपल्या.

"वय झालं," म्हणाले आणि यंत्र परत दिलं. देता देता एक वाक्य मात्र बोलून गेले, "पण हा मारिओ घाईत आहे रे. आपला असा नव्हता."

मी इंजिनीअर माणूस, लगेच समजावायला लागलो. "मामा, गेम तोच आहे. एकही बाइट बदललेला नाही." मामा हसले आणि फराळाचं ताट पुढे केलं. विषय संपला.

रात्री पालघरला परतताना माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. बाइट तेच, हे खरं. पण ते बाइट कुठल्या घड्याळावर चालतायत, हे मी कुठे तपासलं होतं?

मोजून बघू

मारिओच्या पडद्यावर वर उजवीकडे एक आकडा असतो. पहिल्या लेव्हलला तो ४०० पासून सुरू होतो. लहानपणी आपल्याला वाटायचं की ते सेकंद आहेत. ते सेकंद नाहीत. मूळ प्रोग्राम पडद्यावरची चित्रं मोजतो आणि दर २४ चित्रांनंतर हा आकडा एकाने कमी करतो. म्हणजे ४०० चे शून्य व्हायला ४०० गुणिले २४, एकूण ९,६०० चित्रं लागतात.

आता यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढत असेल, तर या ९,६०० चित्रांना १६० सेकंद लागतील, म्हणजे २ मिनिटं ४० सेकंद. आणि सेकंदाला ५० काढत असेल तर १९२ सेकंद, ३ मिनिटं १२ सेकंद. फरक ३२ सेकंदांचा. हा फरक मोजायला साधं स्टॉपवॉच पुरतं. खेळायचंसुद्धा नाही. गेम सुरू करायचा, मारिओला जिथे आहे तिथे उभा ठेवायचा आणि वेळ संपून तो मरायची वाट बघायची.

पीएसपीवर मोजलं: २ मिनिटं ४० सेकंद.

पुढच्या रविवारी बोईसर गाठलं. मामांचं जुनं कन्सोल मामीने टाकलेलं नव्हतं. माळ्यावर फरसाणाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ते, दोन रिमोट आणि एक पिवळं कार्ट्रिज, सगळं जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं होतं. अडॅप्टर मेलेला. नवा लावायच्या आधी कुठली बाजू प्लस आणि कुठली मायनस ते पाहिलं. जपानी मूळ यंत्राच्या पिनचा मधला भाग मायनस असतो आणि त्याच्या नकलांमध्येही बऱ्याचदा तसाच असतो. हल्लीच्या अडॅप्टरमध्ये बहुधा उलटं असतं. न बघता लावलं असतं तर हा भाग इथेच संपला असता.

चित्र आलं. घरातला टीव्ही आता चपटा. असे टीव्ही जुनं चित्र थोडं उशिरा दाखवतात, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही तेवढ्याच उशिरा दिसत असल्यामुळे मोजमापात फरक पडत नाही. मी स्टॉपवॉच दाबलं. मारिओ उभा. आम्ही तिघं सोफ्यावर बसून एका उभ्या माणसाकडे तीन मिनिटं बघत होतो. १०० वर आल्यावर गाणं जलद झालं, शेवटी तो मेला.

३ मिनिटं १२ सेकंद.

मामा काहीच बोलले नाहीत. मामी म्हणाली, "म्हणजे यांचं खरं होतं की काय?"

सूर तोच, लय संथ

अजून एक गोष्ट तपासायची राहिली होती आणि ती माझ्या लक्षातही आली नसती. मामी भजनी मंडळात पेटी वाजवते. पीएसपी आणि कन्सोल, दोन्हीवरचं मारिओचं गाणं ऐकून तिने सहज पेटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सूर तोच आहे. नुसती लय उतरलीय."

हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे मामांचं यंत्र कुठल्या घराण्याचं ते ठरतं. सांगतो.

मूळ यंत्र निन्टेन्डोचं फॅमिकॉम. जपानमध्ये ते १५ जुलै १९८३ ला विक्रीला आलं. १९८५ पासून तेच अमेरिकेत एनईएस या नावाने गेलं. त्याच्या प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ आणि मेमरी २ किलोबाइट. व्हॉट्सॲपवरचं एक गुड मॉर्निंगचं चित्रसुद्धा त्यात मावणार नाही. जपानने टीव्हीची पद्धत अमेरिकेची घेतली होती, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवणारी. म्हणून फॅमिकॉमही ६० चा.

युरोपातला टीव्ही मात्र ५० चा. तिथे विकण्यासाठी निन्टेन्डोने वेगळी चिप केली. त्यात प्रोसेसरचाही वेग उतरला, १.६६ मेगाहर्ट्झवर आला. या यंत्रात आवाजाचा सूर प्रोसेसरच्या वेगावर ठरतो. त्यामुळे जपानी गेम तसाच्या तसा युरोपी यंत्रात घातला, तर लय तर उतरतेच, पण सूरही एका स्वरापेक्षा जास्त खाली जातो. इथे स्वर म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर. म्हणून युरोपच्या मारिओमध्ये निन्टेन्डोने वेग, घड्याळ, गाण्याची लय, सगळं पुन्हा जुळवून दिलं.

आता तिसरा प्रकार. तैवानच्या यूएमसी या कंपनीने फॅमिकॉमच्या चिपसारख्या चिप बनवल्या आणि त्यांच्यावर जगभर निन्टेन्डोच्या नकला उभ्या राहिल्या. ज्या देशांत ५० चा टीव्ही होता, त्या देशांसाठीच्या चिपमध्ये तैवानी इंजिनीअरांनी फार हुशारी केली. त्यांना माहीत होतं की यात जपानी गेम जसेच्या तसे चालणार आहेत, कोणी नव्याने जुळवून देणार नाही. म्हणून त्यांनी प्रोसेसर जवळजवळ मूळ वेगावरच ठेवला, १.७७ मेगाहर्ट्झ. चित्र काढायचं कामही मूळ क्रमानेच ठेवलं. फक्त प्रत्येक चित्र काढून झाल्यावर यंत्राला थोडी विश्रांती दिली. मूळ यंत्र एका चित्रासाठी २६२ ओळींचा वेळ घेतं. या नकलेत तो ३१२ ओळींचा आहे. नेमक्या ५० ओळी जास्तीच्या, आणि त्या ५० ओळींमध्ये चित्र काढणारी चिप काहीच करत नाही.

म्हणजे आपला मारिओ प्रत्येक चित्रानंतर किंचित श्वास घेत होता. सूर तोच, लय संथ. मामीने पेटीवर जे ऐकलं ते हेच.

पन्नास कुठून आले?

एक प्रश्न उरतो. टीव्ही ५० चा का? याचं मूळ विजेत आहे. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात पडदा रंगवण्याचा वेग घरात येणाऱ्या विजेच्या वेगाशी जुळवून ठेवत, नाहीतर चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून टीव्ही ६० चा. युरोपात आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्ही ५० चा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेही ५० वरच आणि १९८२ मध्ये रंग आला तेव्हा पाल ही पद्धत आली, तीही ५० चीच.

बोईसरच्या माणसाला हे ५० काही परकं नाही. स्टेशनपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर ती वीज तयार होते. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. ६० हर्ट्झच्या देशातली कंपनी, पण इथल्या ग्रिडला जोडायचं म्हणजे जनरेटर ५० वरच फिरायला हवा. अमेरिकेहून आलेल्या यंत्राला इथली लय घ्यावी लागली. पंचवीसेक वर्षांनी जपानमध्ये जन्मलेला एक प्लंबर तैवानमार्गे इथे आला, त्यालाही तीच घ्यावी लागली.

(इथे कोणीतरी म्हणेलच: एवढं वीज केंद्र शेजारी, मग आमच्याकडे लोडशेडिंग का होतं? माझ्या लहानपणी हा प्रश्न आम्ही रोज विचारायचो, कारण या कन्सोलमध्ये गेम सेव्ह करायची सोय नव्हती. लाइट गेली की आठव्या वर्ल्डवरून थेट पहिल्यावर.)

डब्यावर नाव एक, आत चिप दुसरीच

हे यंत्र इथे पोचलं कसं? ऐंशी-नव्वदच्या दशकात परदेशी घरगुती वस्तू आयात करणं सोपं नव्हतं. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतरही ग्राहकोपयोगी मालावरचे परवान्याचे निर्बंध बरीच वर्षं राहिले. ७१४ वस्तूंवरचे १ एप्रिल २००० ला उठले आणि उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे १ एप्रिल २००१ ला. त्यावर कस्टम ड्यूटी वेगळी. १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीने सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात आणलं, पण ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी होतं. एमआयडीसीतल्या कामगाराच्या पगारात बसणारी वस्तू नव्हती ती.

कामगाराच्या पगारात बसली ती नक्कल. डब्यांवर नावं वेगवेगळी असायची. कोणाकडे 'मीडिया', कोणाकडे 'लिटल मास्टर', आणि पुष्कळांकडे तर नुसतंच 'टीव्ही व्हिडिओ गेम'. मामांनी आपलं यंत्र मुंबईहून आणलं. नाइट शिफ्ट संपवून सकाळी बोईसरला फ्लाइंग राणी पकडली, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसून झोप काढली, मुंबई सेंट्रलला उतरले आणि चालत लॅमिंग्टन रोडला गेले. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये आली. संध्याकाळच्या राणीने परत. मांडीवर खोकं. ते सांगतात, अख्ख्या प्रवासात शेजारचा माणूस विचारत होता की खोक्यात काय आहे, आणि यांनी सांगितलं, "इस्त्री."

मग बोईसरात चित्रालयच्या बाजूला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एकाने कन्सोलची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडून दिली आणि चॅनेल लावून दिला. तोच पुढे रिमोटची रबरं बदलायचा, तोच जुनं कार्ट्रिज घेऊन वर थोडे पैसे घेऊन दुसरं द्यायचा. गेमच्या या प्रसाराचा इतिहास लिहायचा तर तो अशा दुरुस्तीवाल्यांचा लिहावा लागेल. पण त्यांनी बिलं दिली नाहीत, जाहिराती छापल्या नाहीत आणि कन्सोलच्या आतल्या चिपवर नावही नसतं. मामांचं कन्सोल मी उघडून बघितलं. हिरव्या बोर्डावर काळ्या रेझिनचे गोल ठिपके. चिप त्या ठिपक्यांच्या आत बुडवलेली. कोणी बनवली, कधी बनवली, काहीच कळत नाही. त्यामुळे मामांच्या यंत्रात नेमकी यूएमसीची चिप आहे की त्या चिपचीही नक्कल, हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगता येईल की वेळ आणि सूर दोन्ही त्या घराण्याचे आहेत.

कार्ट्रिजचंही तसंच. वर '६४ इन १' लिहिलंय. मी वही घेऊन बसलो. वेगळे असे गेम निघाले आठ. बाकी तेच गेम वेगळ्या नावाने, किंवा मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारे. मारिओच्या पहिल्या पडद्यावर निन्टेन्डोचं नाव आणि साल असायला हवं, तिथली ओळच पुसलेली. आमच्या पिढीतल्या किती जणांना मारिओ निन्टेन्डोचा आहे हे इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं, विचारून बघा.

कुलूप आणि किल्ली

आता पुन्हा पीएसपीकडे. हे यंत्र जपानमध्ये डिसेंबर २००४ ला आलं. ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर आणि ४८० बाय २७२ चा सुंदर पडदा. सोनीला वाटत होतं की यावर फक्त सोनीने मान्य केलेलेच प्रोग्राम चालावेत. पण पहिल्या जपानी आवृत्तीत हे कुलूप जवळजवळ नव्हतंच आणि लोकांनी २००५ मध्येच त्यावर स्वतःचे प्रोग्राम चालवून दाखवले. मग सोनीने अपडेट काढायचा, लोकांनी तो फोडायचा, असा खेळ बरीच वर्षं चालला.

यातला माझा आवडता किस्सा २००७ चा, पँडोरा बॅटरीचा. पीएसपीच्या बॅटरीच्या आत तिचा क्रमांक साठवलेला असतो. सर्व्हिस सेंटरकडच्या बॅटरीत एक खास क्रमांक असायचा. ती घातली की यंत्र नेहमीसारखं सुरू न होता मेमरी कार्डवरून दुरुस्तीचा प्रोग्राम उचलायचं. लोकांनी तो क्रमांक शोधला आणि साध्या बॅटरीत लिहिला. दुरुस्तीवाल्याची किल्ली सगळ्यांच्या हाती आली. माझ्या ३००० मॉडेलमध्ये ही युक्ती चालत नाही, सोनीने तोवर दार बंद केलं होतं. पण शेवटच्या ६.६१ फर्मवेअरवर आता नुसत्या सॉफ्टवेअरने काम होतं. मला अर्धा तास लागला.

आणि इथे माझी चूक झाली. अर्ध्या तासात सगळं चालू झालं म्हणून मी समजलो की जुना गेम जसाच्या तसा मिळाला. एमुलेटरमध्ये 'रीजन' नावाची एक सेटिंग असते. ती 'ऑटो'वर होती. ऑटो म्हणजे फाइल बघून ठरव. फाइल जपानी-अमेरिकी, म्हणून ६०. एमुलेटरने आपलं काम चोख केलं. त्याने मला ओसाकातल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या पोराचं लहानपण बिनचूक परत दिलं. बोईसरचं नाही.

रेट्रोआर्क या प्रोग्राममधल्या एका एमुलेटरमध्ये ही सेटिंग उघडली. पर्याय चार: ऑटो, एनटीएससी, पाल आणि डेंडी. एनटीएससी म्हणजे जपान-अमेरिका. पाल म्हणजे युरोप. डेंडी म्हणजे काय? डेंडी हा रशियातला ब्रँड. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, डिसेंबर १९९२ मध्ये, स्टीपलर नावाच्या कंपनीने मॉस्कोत फॅमिकॉमची नक्कल या नावाने विकायला काढली आणि ती तिथे घराघरात गेली. पुढे एमुलेटर लिहिणाऱ्यांनी त्या तैवानी चिपचं मोजमाप केलं, ३१२ ओळी, १.७७ मेगाहर्ट्झ, सगळं, आणि त्या पर्यायाला नाव दिलं डेंडी.

माझ्या आणि तुमच्या लहानपणाला त्या यादीत रशियन नाव आहे. यात मला राग वगैरे नाही. रशियातल्या पोरांनी मोठं होऊन आपलं यंत्र उघडलं, मोजलं, लिहून ठेवलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. आपण माळ्यावर टाकलं किंवा भंगारवाल्याला दिलं. इतिहासात कोणाचं नाव राहतं याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा डाव

डेंडी निवडून पीएसपीवर पुन्हा मोजलं. ३ मिनिटं १२ सेकंद. सूर पेटीशी जुळला.

अगदी जसंच्या तसं झालं असं मात्र नाही. पीएसपीचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. त्यावर ५० चित्रं दाखवायची म्हणजे दर पाचापैकी एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, म्हणून मारिओ पळताना किंचित अडखळतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे नव्हतं. आणि डक हंटची बंदूक तर गेलीच. ती काचेच्या टीव्हीचा उजेड ओळखून चालायची, या पडद्यांवर तिला काही दिसत नाही.

कायद्याबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण दर वेळी विचारणा होते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम म्हणतं की ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, त्याला जपणुकीसाठी आणखी एक प्रत काढता येते. मामांचं '६४ इन १' ही मुळातच चोरीची प्रत, तेव्हा त्या कलमाच्या आडोशाला मी उभा राहू शकत नाही. निन्टेन्डोचे गेम निन्टेन्डोचेच आहेत, आणि मारिओ तर आजही विकत मिळतो. मी कोणाला फाइल देत नाही, कुठून घ्यायची तेही सांगत नाही. पण घड्याळ निन्टेन्डोचं नव्हतं. त्या ५० ओळींची विश्रांती, तो वेग, तो अनुभव कुठल्याही कंपनीच्या दुकानात विकत मिळत नाही. तो कोणी जपला नाही तर तो गेला.

तर, तिसऱ्या रविवारी पीएसपी पुन्हा मामांच्या हातात दिलं. या वेळी मी काहीच समजावलं नाही. सेटिंग बदललीय हेही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी खूश व्हावं म्हणून ते 'हो हो, बरोबर' म्हणाले असते.

पहिलं मशरूम. तीन पाइप. चौथा पाइप. खड्डा आला, मामांचा अंगठा उचलला गेला, मारिओ पलीकडे. मामांनी वर बघितलंही नाही. पहिली लेव्हल झाली. दुसरी, ती जमिनीखालची, तीही झाली. तिसरीत सरकणाऱ्या फळीवरून पडले. पुन्हा पडले.

मी मनात हिशोब करत होतो. ६० चा वेग ५० पेक्षा २० टक्के जास्त. ज्या हातांनी हजारो वेळा एक उडी एका वेळेवर मारलीय, त्यांना ती २० टक्के जास्त वेगाने मारायला सांगितलं तर ते चुकणारच. चूक त्या हातांची नव्हती. पण सगळीच चूक घड्याळाची, असंही मला म्हणता येत नाही. तिसऱ्या लेव्हलला पूर्वी ते असे पडत नसत. वय काही प्रमाणात झालंय. किती, ते आता निदान वेगळं मोजता येतं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ६०, ५०, तैवान, ओळी. मामांनी शांतपणे ऐकलं. प्लँटवर तीस वर्षं मीटर बघितलेला माणूस, त्यांना मोजमापाचं बोलणं आवडतं. म्हणाले, "कॅलिब्रेशन चुकलेलं होतं म्हण की. आमच्याकडे नवीन पोरं हेच करायची. रीडिंग खोटं आलं की आधी माणसावर संशय घ्यायची."

तर मंडळी, एक विनंती. घरात, गावी, माळ्यावर जुना व्हिडिओ गेम पडला असेल तर भंगारात द्यायच्या आधी एवढं करा. अडॅप्टरची प्लस-मायनस बाजू तपासा, मारिओ लावा, त्याला उभा ठेवा आणि ४०० चं शून्य व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. २ मिनिटं ४० सेकंद की ३ मिनिटं १२? सोबत गावाचं नाव, यंत्र कुठून आणि साधारण कधी आणलं, आणि डब्यावर काय लिहिलंय, एवढं कळवा. पालघर, डहाणू, वसई, नाशिक, सोलापूर, बेळगाव, कुठलंही चालेल. मी वही केलीय. पहिल्या पानावर एकच नोंद आहे: बोईसर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, ३ मिनिटं १२ सेकंद.

पीएसपी आता मामांकडेच आहे. परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं चार्जिंगचं काहीतरी विचारायचं असेल. म्हणाले, "ते पहिलंवालं, घाईतलं, ते परत कसं लावायचं? त्या खड्ड्याचं बघतो जरा."